फडक्यावरचे दोन डाग

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा श्रीधर खाली पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. रविवारची सकाळ होती. फोन येरवड्याहून, वन्संच्या शेजारणीचा होता. मी गॅलरीत जाऊन हाक मारली, "अहो, जरा वर या." त्यांनी मान वर केली. एका हातात इंजिनातून काढलेली ऑइल मोजायची पट्टी, दुसऱ्या हातात पांढरं फडकं. "दोन मिनिटं थांब, ऑइल बघतो आणि निघतोच ताईकडे," म्हणाले. मग मलाच खाली जावं लागलं, कारण असली बातमी गॅलरीतून ओरडून सांगता येत नाही. सांगितल्यावर त्यांनी पट्टी नीट पुसली, परत जागेवर खोचली, बॉनेट लावलं, आणि मग तिथेच गाडीच्या चाकाशी फरशीवर बसले. त्या सकाळी ते आपल्या बहिणीला एक वाक्य सांगायला निघाले होते. वर्षानुवर्षं राहून गेलेलं वाक्य. निघण्याआधी ऑइल बघून घ्यावं असं त्यांना वाटलं, आणि तेवढ्यात... असो. खरं म्हणजे हा लेख त्यांनीच लिहायला हवा. पण बोलायचं ते वेळेवर बोलायची सवय त्यांना असती, तर लेखाची वेळच आली नसती.

वन्सं म्हणजे श्रीधरांची थोरली बहीण, कुमुद. लग्न करायचं राहून गेलं असं लोक म्हणायचे. त्या म्हणायच्या, "राहून नाही गेलं, टळलं." रसायनशास्त्र शिकलेल्या, आणि खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात तेलं आणि वंगणं तपासायच्या विभागात नोकरीला. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा काय विचारलं असेल? "सायकल येते का?" येत नाही म्हटल्यावर, "मग माहेरी काय शिकलीस?" मी शाळेत मराठी शिकवत होते, बऱ्यापैकी बोलकी होते, पण त्यांच्यापुढे माझी बोलती बंद व्हायची. पुढे कळलं की त्यांचं तिरकस बोलणं ज्याच्या वाट्याला येतं तो त्यांना आवडलेला असतो. नावडत्या माणसाशी त्या फार गोड वागत.

श्रीधर बँकेत होते. गाडीसाठी नंबर लावून ताटकळत बसायचे दिवस नुकतेच संपत आले होते, बँका गाडीसाठी बोलावून कर्ज देऊ लागल्या होत्या, आणि आमच्या नव्या पेठेतल्या बिल्डिंगमध्ये एकेकाच्या स्कूटरशेजारी चारचाकी येऊन उभी राहत होती. एकट्याने घ्यावी अशी ऐपत ना यांची, ना वन्संची. तेव्हा भावाबहिणीने मिळून घेतली. पांढरी, छोटी, चार दारांची. एक आठवडा त्यांच्याकडे, एक आठवडा आमच्याकडे. दर रविवारी सकाळी ज्याच्याकडे गाडी असेल त्याने ती दुसऱ्याच्या घरी न्यायची, नाश्ता करायचा आणि सिटी बसने परत यायचं. गाडी देऊन बसने परत येणारी माणसं पुण्यात आमच्याच घरात असावीत. लोक हसायचे. वन्संना लोकांच्या हसण्याचं कधी काही वाटलं नाही.

गाडीबरोबर त्यांनी एक शिस्त आणली ती म्हणजे ऑइलची. ठरलेले किलोमीटर झाले की इंजिन ऑइल बदलायचं, त्याबरोबर फिल्टर बदलायचा, आणि किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बदलायचंच. सगळं पुणं त्या दिवशी गाड्या धुऊन झेंडूचे हार घालत असे. वन्संची गाडी मात्र आधी गॅरेजमध्ये जायची आणि मग हार ल्यायची. "हाराने इंजिन चालत असतं तर पेट्रोलपंपावर फुलवाले बसले असते," असं त्या म्हणायच्या. गॅरेजमध्ये स्वतः उभ्या राहायच्या. गाडी आधी थोडी चालवून गरम करून आणायच्या, कारण थंड ऑइल सोडलं तर गाळ आतच चिकटून राहतो. खालचा नट काढला की काळी धार पडायची आणि त्या शेवटचा थेंब पडेपर्यंत हलायच्या नाहीत.

मला एकदा राहवलं नाही. म्हटलं, "वन्सं, पातळी कमी झाली की वरून थोडं ओतलं तर काय बिघडतं? ऑइलच आहे ना?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चहात मीठ टाकलं होतं. मग म्हणाल्या, "शैला, तळणीचं काळं झालेलं तेल कढईत तसंच ठेवून त्यावर नवं ओतलंस तर त्यातल्या चकल्या तू खाशील का?" नाही म्हटलं. "मग इंजिनाने का खावं? अगं, ऑइल काळं होतं ते इंजिनातली घाण अंगावर घेऊन होतं. ते त्याचं कामच आहे. पण एक दिवस त्याच्यात आणखी घ्यायची ताकद उरत नाही. मग वरून कितीही ओत, नवंसुद्धा काळंच होतं. जुनं आधी बाहेर काढावं लागतं." हे सांगताना त्यांचा स्वर एरवीपेक्षा मऊ झाला होता. त्यांना ऑइलबद्दल माया होती, खरंच सांगते.

आणि ते फडकं. वन्संच्या जुन्या वायलच्या पांढऱ्या साड्या होत्या, त्यांचे चौकोन कापून, चारी कडा शिवून त्यांनी फडकी केली होती. ऑइल पुसायच्या फडक्याला कडा शिवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पांढरंच का, तर रंग कळायला हवा म्हणून. रविवारी गाडी द्यायच्या आधी त्या पट्टी काढून फडक्याच्या एका कोपऱ्याला पुसायच्या आणि फडकं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायच्या. गाडी घेणाऱ्याने डाग बघायचा. मधासारखा असला तर निर्धास्त, चहासारखा असला तर अजून चालेल, काळा पडला असेल तर गॅरेज. मग घेणाऱ्याने पट्टी काढून आपला डाग दुसऱ्या कोपऱ्यात लावायचा, म्हणजे दोघांनी बघितलं असं झालं. श्रीधरांना सुरुवातीला याची गंमत वाटायची. मग कंटाळा यायला लागला. नंतर नंतर ते चिडायला लागले. त्यांच्या मते बँकेत एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने बहिणीला फडकं दाखवायचं हे जरा अतीच होतं.

त्या सुमारास आमचा निरंजन नोकरीला लागला. हडपसरला, सॉफ्टवेअर कंपनीत. आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटरवाला. श्रीधरांना त्याचं इतकं अप्रूप की आपला आठवडा असला की रोज सकाळी त्याला गाडीने हडपसरला सोडून मग बँकेत जायचे. कंपनीच्या काचेच्या इमारतीपुढे आपली गाडी थांबते, पोरगा गळ्यात ओळखपत्र अडकवून आत जातो, याचं वर्णन मी रोज संध्याकाळी ऐकायची. सोलापूर रस्त्याची ती गर्दी, ती धूळ, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जाणं. किलोमीटर भराभर वाढत होते. ऑइल कमी दिसलं की श्रीधर येताना पेट्रोलपंपावरून छोटा डबा घ्यायचे आणि वरून ओतायचे. डाग काळा दिसतोय असं वन्सं म्हणाल्या की, नवमीला बदलूनच घेतो, म्हणायचे. आमच्या दोघांत ते गाडीतले, मी घरातली. मला वाटायचं, म्हणजे ऑइलचं सगळं नीट चाललंय.

वन्सं निवृत्त झाल्या ते वर्ष. त्यांनी बरेच दिवस आधी एक बेत ठरवून ठेवला होता. कारखान्यातल्या दोन मैत्रिणींना घेऊन हंपीला जायचं. रेल्वेने नाही, कोणाच्या टूरमधून नाही. स्वतः गाडी चालवत. आयुष्यभर खडकी ते पुणे आणि पुणे ते खडकी केलं, आता एकदा मोठा रस्ता बघायचा, असं त्यांचं म्हणणं. नकाशा आणला, मुक्काम ठरवले, मैत्रिणींच्या नवऱ्यांच्या शंकांना एकेक करून वाटेला लावलं. "तीन बायका एवढ्या लांब?" असं एकाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "चौथा पुरुष बसवला असता, पण डिकीत जागा नाही."

दसऱ्याच्या वेळी गाडी आमच्याकडे होती. खंडेनवमीला श्रीधरांनी ती धुतली, हार घातला, नारळ फोडला. गॅरेजमध्ये गर्दी आहे म्हणून परत आले. नंतरच्या रविवारी गाडी वन्संकडे गेली. येरवड्याच्या त्यांच्या नव्या फ्लॅटवर मीही बरोबर होते. हंपीला निघायला दोनच दिवस होते. वन्संनी पोहे पुढे ठेवले आणि विचारलं, "श्री, ऑइल बदललंस ना नवमीला?"

"हो."

"फडकं नाही दिसलं सीटवर."

तेव्हा श्रीधर उसळले. "ताई, बदललंय म्हटलं ना! मी काय चोर आहे का, दर वेळी माझ्यामागून पट्टी काढून बघायला? माझ्या शब्दावर तुझा एकदा तरी विश्वास आहे का?"

वन्संनी पोह्यांचा डाव खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. नाही बघत." आणि खरंच नाही बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पट्टी न काढता गाडी बाहेर काढली. तपासणं हाच ज्यांचा धंदा होता, त्यांनी धाकट्या भावाचं मन राखायला तपासलं नाही. नट विसरला, रस्ता चुकला, अशा चुका कोणाकडूनही होतात. ही चूक फक्त वन्संच करू शकत होत्या, आणि तीही फक्त श्रीधरांसाठी.

खंबाटकीचा घाट त्या छान चढून गेल्या. पाचवडच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. त्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, पण तेवढ्यात आतून खडखड झाली आणि इंजिन जाम झालं. साताऱ्याहून मेकॅनिक आला, गाडी ओढून नेली, खालचा नट काढला. काही पडेना. त्याने तारेने टोचलं तेव्हा डांबरासारखा गोळा बाहेर आला. पातळी पट्टीवर बरोबर होती, कारण वरून ओतलेलं होतं. आत सगळा गाळ साठून वाट बंद झाली होती. वन्संनी एसटीडी बूथवरून फोन केला. मी घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, "शैला, आम्ही बसने परत येतोय. श्रीला सांग, ऑइल बदललेलं नव्हतं." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एखाद्या नमुन्याचा निकाल सांगावा तशा बोलत होत्या.

मी श्रीधरांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या क्षणी ते म्हणाले असते, की हो, राहिलं माझ्याकडून, तर गोष्ट तिथेच संपली असती. इंजिन काय, उतरवून दुरुस्त होतंच, तसं झालंही. पण ते म्हणाले, "गॅरेजवाल्याने बदललं नसेल." मी म्हटलं, "कुठला गॅरेजवाला? तुम्ही तर गर्दी आहे म्हणून परत आला होतात." त्यावर ते पेपर वाचायला लागले.

आणि मग भाऊबीज आली. दरवर्षीसारखे सगळे आमच्याकडे जमले होते. वन्सं तबक घेऊन श्रीधरांसमोर उभ्या होत्या. श्रीधरांचे चुलतभाऊ, आमचे वसंतभाऊजी, यांना भलत्या वेळी भलतं विचारायची खोड आहे. ते म्हणाले, "काय रे, हंपीची वारी साताऱ्यालाच आटोपली म्हणे?" आणि पाटावर टोपी घालून बसलेला माझा नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, "ताईने घाटात दामटली गाडी. काट्याकडे लक्ष नको का?" वसंतभाऊजी हसले. "म्हणूनच म्हणतो, बायकांच्या हातात..." पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, सगळे हसले. वन्संचा हात थांबला नाही. त्यांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. तबक खाली ठेवलं. त्यानंतर त्या आपल्या भावाशी कधीही बोलल्या नाहीत.

हा अबोला दिसायला फार विचित्र होता. कारण त्यांनी काहीच सोडलं नाही. गाडीची पाळी तशीच चालू. दुरुस्त होऊन आलेली गाडी दर रविवारी या घरून त्या घरी. दरवर्षी भाऊबीजेला त्या यायच्या, ओवाळायच्या, जेवायच्या आणि जायच्या. फक्त बोलणं माझ्यामार्फत. तिघं एका टेबलाशी बसलेलो असताना, "शैला, तुझ्या नवऱ्याला विचार, पोहे वाढू का." हे म्हणायचे, "तिला सांग, थोडेच." मी म्हणायची, "दोघांनाही ऐकू येतं, देवाने दिलेत कान." दोघंही ढिम्म. मी हसून साजरं करायची, पण घरी आल्यावर चिडचिड व्हायची. श्रीधरांना मी किती वेळा म्हटलं असेल, "एक वाक्य आहे हो. म्हणून टाका." ते म्हणायचे, "तिला माहीत आहेच की." हो, माहीत होतंच. तिघांनाही माहीत होतं. पण वन्संना ती माहिती नको होती. त्यांना घाटात गाडी दामटणारी बाई म्हणून जे हसणं झालं, ते त्यांच्या भावाने परत घ्यायला हवं होतं. बाई म्हणून गाडी चालवायला त्यांनी किती जणांची तोंडं बंद केली होती, आणि घरच्याच माणसाने ती उघडून दिली.

हंपी झालंच नाही. एक मैत्रीण मुलीकडे नागपूरला राहायला गेली, दुसरीचे गुडघे गेले. वन्सं शहरात गाडी चालवत राहिल्या, पण घाटाकडे गाडी वळवली नाही. नकाशा बरेच दिवस त्यांच्या फ्रीजवर होता. नंतर तिथे डॉक्टरांचे कागद आले.

श्रीधर मात्र बदलले, हे मला लिहायलाच हवं. इंजिन दुरुस्त होऊन आल्यापासून त्यांनी ऑइलचा एकही नेम चुकवला नाही. खंडेनवमीला पहाटे उठून गॅरेजच्या दारात पहिला नंबर. गाडी गरम करून न्यायची, शेवटचा थेंब पडेपर्यंत उभं राहायचं. अगदी वन्संसारखं. आणि दर वेळी गाडी द्यायच्या आधी पट्टी काढून फडक्याच्या कोपऱ्याला पुसायची, फडकं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचं. पुढच्या रविवारी वन्सं गाडी घेऊन आल्या की त्याच फडक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात वन्संचा डाग असायचा. श्रीधर तो उजेडात धरून बघायचे. एकदा मला म्हणाले, "बघ, तिने पण काढून बघितलं. माझ्यासारखाच रंग आला." मला हसू आलं आणि गलबलून पण आलं. त्या दोघांचं एवढंच बोलणं उरलं होतं, आणि श्रीधरांना वाटत होतं की ते पुरेसं आहे.

गाडी अजून चालते. निरंजनने तेवढ्या काळात कितीतरी गाड्या बदलल्या. त्याच्या गाडीला ऑइलची पट्टी कुठे असते हे त्याला माहीत नाही, फोनवर निरोप येतो आणि सर्व्हिसिंगवाले येऊन गाडी घेऊन जातात. आमचा गॅरेजवाला या जुन्या गाडीच्या इंजिनाला कान लावतो आणि म्हणतो, "काकू, हे अजून तुम्हा दोघांना पुरेल." गाडीच्या नोंदणीची मुदत आम्ही पुन्हा वाढवून घेतली. निरंजन म्हणतो, "बाबा, भंगारात द्या आता." त्याला तरी काय सांगणार?

शेवटची दोन-तीन वर्षं वन्संना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. हृदय दमलं होतं. तरी त्यांनी पाळी सोडली नाही, गाडी न्यायचं-आणायचं काम तेवढं श्रीधरांकडे आलं. आपल्या आठवड्याला गाडी त्यांच्या खिडकीखाली उभी राहायलाच हवी. त्या काठी टेकत खाली यायच्या, इंजिन चालू करून थोडा वेळ आत बसायच्या, पट्टी काढायच्या, आपला डाग लावायच्या. वॉचमनने विचारलं, "आजी, कुठं जाणार हाय का?" तर म्हणाल्या, "जाणार होते. राहिलं." हे त्यांनीच मला सांगितलं, हसत हसत.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या बुधवारी मी एकटी भेटायला गेले होते. त्या आता पलंगावरून उठत नव्हत्या. श्रीधरांनी माझ्याबरोबर फडकं पाठवलं होतं. नुकतंच ऑइल बदललं होतं त्याचा डाग. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खिडकीकडे धरून पाहिलं. "मधासारखं आहे," म्हणाल्या. "चांगलं ठेवलंय त्याने." मग बराच वेळ ते फडकं घडी करत बसल्या. उघडायच्या, परत घडी करायच्या.

"शैला, त्याला सांग, फडकं मिळालं. पण मला फडकं नको होतं गं. एक वाक्य हवं होतं."

मी म्हटलं, "वन्सं, सगळ्यांना बोलावते. भाऊबीजेला होते ते सगळे. त्यांच्यासमोर म्हणायला लावते."

त्यांनी मान हलवली. "आता सगळे नकोत. मला एकटीला म्हटलं तरी चालेल."

घरी येऊन मी श्रीधरांना अक्षरन् अक्षर सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "रविवारी जातो. गाडी न्यायचीच आहे, तिचीच पाळी आहे." मी म्हटलं, "आत्ता जा. रिक्षाने जा." ते म्हणाले, "रविवारी नीट बसून बोलतो." मला आजही कळत नाही, त्या माणसाला गाडी घेऊनच का जायचं होतं. कदाचित रिकाम्या हाताने जाऊन बोलायचं त्यांना जमणार नव्हतं. कदाचित रविवारच तेवढा त्या दोघांचा होता. पण गुरुवार होता, शुक्रवार होता, शनिवार होता. मला त्यांची दया येते आणि रागही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. भाऊबीजेला जमायचे तेच सगळे जमले होते. पंगत अर्ध्यावर आली असताना श्रीधर ताटावरून उठून उभे राहिले. काही हवंय का म्हणून मी पुढे गेले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. म्हणाले, "मला एक सांगायचंय. ती गाडी ताईने बिघडवली नव्हती. घाटात दामटली नव्हती. ऑइल मी बदललं नव्हतं, आणि बदललं म्हणून तिला खोटं सांगितलं होतं." मग वसंतभाऊजींनी जिलबीचा तुकडा हातात धरून शेजारी विचारलं, "कुठली गाडी म्हणतोय हा?" कोणालाच आठवत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "बसा हो, श्रीधर, जेवून घ्या, किती मनाला लावून घेताय." कोणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ज्या हसण्यापायी वन्संनी एवढी वर्षं तोंड मिटून घेतलं, ते हसणारे कधीच विसरून गेले होते. लक्षात ठेवणारी तेवढी एकच होती. श्रीधर बसले आणि त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. मी त्यांना असं जेवताना कधी बघितलं नव्हतं.

येरवड्याचा फ्लॅट अजून बंद आहे. निरंजन म्हणतो भाड्याने देऊ. देऊ कधीतरी. तोवर गाडीची पाळी चालू आहे. आपला आठवडा संपला की रविवारी सकाळी श्रीधर खाली जातात, पट्टी काढतात, फडक्याच्या कोपऱ्याला पुसतात. मग गाडी येरवड्याला नेऊन त्या खिडकीखाली लावतात, फडकं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतात, गाडीला कुलूप लावतात आणि बसने परत येतात. मी काही म्हणत नाही. गेल्या रविवारी गाडी आणायला मीही त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी दार उघडलं, सीटवरचं फडकं उचललं आणि खिशातून चष्मा काढून ते उजेडात धरलं. त्यांच्या कोपऱ्यातला डाग तसाच होता, मधासारखा, अगदी चांगल्या ऑइलचा. ते फडकं उलटंसुलटं करून बघत राहिले, दुसरा कोपरा शोधत. तो पांढराच होता.